पोर्ट ब्लेअर ते अगत्ती: हवाई अंतर, प्रवासाचा वेळ आणि नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

धरमपेठेत तिकिटांचं काम करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वाढत चालला आहे: "अंदमान तर करायचंच आहे, मग त्याच सुट्टीत लक्षद्वीपही होईल का?" समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला दोन्ही बेटं एकाच पिशवीत भरावीशी वाटणं साहजिक आहे. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि समोर बसून लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे दोन विमानतळ नेमके कोणते? श्री विजयपुरम म्हणजे वेगळं गाव आहे का?

गाव तेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. विमानतळाचं नाव २००२ पासून वीर सावरकर विमानतळ आहे. तिकिटावर आयएक्सझेड ही तीन अक्षरं दिसली की समजा तेच. तिथली शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. अंदमानात इतरही धावपट्ट्या आहेत, पण त्या नौदलाच्या आणि हवाई दलाच्या. मुख्य भूमीवरून पर्यटक उतरतो तो इथेच.

लक्षद्वीपचा विमानतळ एकच, अगत्ती. त्याची अक्षरं एजीएक्स. राजधानी कवरत्ती असली तरी तिथे विमान उतरत नाही. अनेक जण शोधताना "कवरत्ती" टाकतात आणि काहीच सापडत नाही म्हणून घाबरून फोन करतात.

२. दोघांमधलं हवाई अंतर किती?

सुमारे २,२४० किलोमीटर. पोर्ट ब्लेअर बंगालच्या उपसागराच्या पूर्व टोकाला आणि अगत्ती अरबी समुद्रात, मध्ये आख्खा दक्षिण भारत. सरळ रेषा काढली तर ती तमिळनाडूच्या किनाऱ्यावर चिदंबरमच्या आसपास जमिनीवर येते, कोइंबतूरच्या थोडी उत्तरेकडून जाते आणि कोझिकोडच्या जरा दक्षिणेला पुन्हा समुद्रात शिरते. २,२४० पैकी जमीन जेमतेम सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, बाकी सगळं पाणी.

३. एका साइटवर १,२१०, दुसरीवर १,३९३ आणि तिसरीवर २,२४२ दिसतं. खरं कोणतं?

तिन्ही खरे आहेत, एकक वेगळं आहे. १,२१० हे सागरी मैल. वैमानिक आणि नाविक त्यातच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १,३९३ हे साधे मैल, एक मैल १.६०९ किलोमीटरचा. किलोमीटरमध्ये आणलं की दोन्ही २,२४० च्या आसपास येतात.

मागच्या दिवाळीत एका काकांनी १,२१० हा आकडा किलोमीटर समजून "दीड तासाचं तर विमान आहे" असं घरी सांगून टाकलं होतं. सगळी सहल त्या हिशेबावर आखली होती, बदलताना त्यांना फार वाईट वाटलं. म्हणून आकडा पाहताना त्याच्यापुढचं एकक आधी वाचा.

आणखी एक शंका येते: पृथ्वी गोल आहे, मग नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर चुकतं का? दिल्ली ते न्यूयॉर्कसारख्या प्रवासात फार चुकतं. ही दोन्ही बेटं मात्र विषुववृत्ताच्या जवळ आणि जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, एक ११.६ अंश उत्तर आणि दुसरं १०.८. त्यामुळे इथे दोन-चार किलोमीटरचाच फरक पडतो.

४. थेट विमान आहे का? असतं तर किती वेळ लागला असता?

थेट विमान नाही. मुख्य भूमीवर एकदा तरी उतरून विमान बदलावंच लागतं. शोधताना "एक थांबा" किंवा "दोन थांबे" असं दिसतं ते यामुळेच.

कागदावर हिशेब करायचा तर ए-३२० सारखं विमान उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. २,२४० किलोमीटरला पावणेतीन तासांहून थोडं कमी. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं-येणं धरून साधारण सव्वातीन तास. काही साइटवर "फ्लाइट टाइम ३ तास १० मिनिटं" असं लिहिलेलं असतं, ते हेच गणित आहे. तेवढ्या वेळात नेणारं विमान मात्र कोणीच चालवत नाही.

५. पण थेट का नाही? प्रवासी मिळत नाहीत म्हणून?

प्रवासी कमी हे एक कारण आहेच. पण उद्या दीडशे लोक एकत्र आले तरीही अडेल, कारण अडचण धावपट्टीची आहे. या सगळ्या पानावर मला एकच गोष्ट तुमच्या मनात ठसवायची असेल तर ती ही.

पोर्ट ब्लेअरची धावपट्टी सुमारे ३,२९० मीटर आहे, आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या ३,२०० मीटरच्या तोडीची. अगत्तीची फक्त १,२०० मीटरच्या आसपास. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात तर पंधरा मिनिटांत संपेल, आणि दोन्ही टोकांना समुद्र आहे. भरलेल्या ए-३२० ला साधारण दोन किलोमीटर धावपट्टी लागते, त्यामुळे ते अगत्तीला उतरूच शकत नाही. तिथे पंख्याची छोटी विमानं जातात, एटीआर वगैरे. १९८८ मध्ये हा विमानतळ सुरू झाला तेव्हा तर त्याहूनही लहान डॉर्निअर विमान यायचं.

मग एटीआरच पोर्ट ब्लेअरहून थेट का नेत नाही? कारण ते प्रवाशांनी भरलं की साधारण १,४०० ते १,५०० किलोमीटरच जातं. २,२४० त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणजे जे विमान एवढं लांब उडू शकतं ते अगत्तीला उतरू शकत नाही, आणि जे तिथे उतरू शकतं त्याला एवढं लांब उडता येत नाही. विमान बदलावं लागतं ते यासाठी. कंपनीची मनमानी किंवा एजंटाचा फायदा असं काही त्यात नाही.

६. मग प्रत्यक्षात एका बेटावरून दुसऱ्यावर पोचायला किती वेळ धरायचा?

हवेत साडेचार ते पाच तास. दारापासून दारापर्यंत मात्र एक रात्र मध्ये धरून चला.

सध्या दोन वाटा लोकांना सोयीच्या पडतात. पहिली बेंगळुरूवरून: पोर्ट ब्लेअर–बेंगळुरू साधारण अडीच ते पावणेतीन तास, मग बेंगळुरू–अगत्ती पावणेदोन ते दोन तास. दुसरी चेन्नई आणि कोचीवरून: पोर्ट ब्लेअर–चेन्नई सव्वादोन तास, चेन्नई–कोची सव्वा तास, कोची–अगत्ती दीड तासाच्या आत-बाहेर. दुसरीत विमानं तीन होतात, पण कोचीहून अगत्तीचा पर्याय जुना आणि रुळलेला आहे.

रात्र का धरायची? आम्ही आजवर काढलेली अगत्तीची सगळी तिकिटं सकाळ-दुपारची होती. पोर्ट ब्लेअरहून सकाळी निघालात तरी बेंगळुरूला किंवा कोचीला पोचेपर्यंत अगत्तीचं विमान गेलेलं असतं. वेळा कधी जुळतातही. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तेव्हा एखाद्या मोसमात एकाच दिवसात होऊनही जातं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मुक्कामच सुचवते. कोचीत उतरलात तर संध्याकाळी फोर्ट कोचीला जाऊन चिनी जाळी बघता येते, दिवस वाया जात नाही.

७. असं वळसा घालून गेलं तर अंतर खूप वाढत असेल ना?

मलाही तसंच वाटायचं. बेरीज केली तेव्हा आश्चर्य वाटलं. पोर्ट ब्लेअर–बेंगळुरू सुमारे १,६४०, बेंगळुरू–अगत्ती सुमारे ६५५, एकूण २,२९५. सरळ रेषेपेक्षा फक्त पन्नास-पंचावन्न किलोमीटर जास्त. चेन्नई-कोचीमार्गे १,३७५ अधिक ५२० अधिक ४६५, म्हणजे २,३६०. तेही सव्वाशेच्या आतच. दक्षिणेतली ही शहरं जवळपास त्या रेषेवरच आहेत. अंतर वाढत नाही, वाढतो तो विमानतळावर बसून काढलेला वेळ.

दिल्लीमार्गे स्वस्त तिकीट दिसतं कधीकधी. तिथे मात्र अंतर खरंच दुपटीच्या पुढे जातं आणि लहान मुलं, म्हातारी माणसं थकून जातात.

८. नागपूर तर देशाच्या मध्यावर आहे. अंदमानहून घरी येऊन मग लक्षद्वीपला गेलं तर?

झिरो माईलच्या खांबाचा अभिमान मलाही आहे, पण इथे तो कामाचा नाही. नागपूर–पोर्ट ब्लेअर सरळ रेषेत सुमारे १,८०० किलोमीटर आणि नागपूर–अगत्ती सुमारे १,३६०. बेरीज ३,१६०. दक्षिणेतून गेलं तर २,३०० मध्ये काम होतं. शिवाय नागपूरहून दोन्हीकडे थेट विमान नाही, त्यामुळे घरी येताना एकदा आणि जाताना पुन्हा एकदा असं दक्षिणेतच विमान बदलावं लागेल.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगते. दोन्ही बेटं एकाच सहलीत कोंबू नका, मध्ये थोडे दिवस घरी राहून स्वतंत्र करा, असं वाटत असेल तर तो निर्णय चांगलाच आहे. दहा दिवसांहून कमी सुट्टी असेल तर मी एकच बेट सुचवते.

९. नागपूरहून निघायची सोपी वाट कोणती?

आधी अंदमान, शेवटी लक्षद्वीप असा क्रम असेल तर नागपूर–बेंगळुरू थेट विमानाने, सुमारे ८९० किलोमीटर, पावणेदोन तास. तिथून पोर्ट ब्लेअर. परतताना अगत्ती–बेंगळुरू–नागपूर. एकच शहर दोन्ही वेळा, त्यामुळे जास्तीचं सामान एखाद्या नातेवाइकाकडे ठेवता येतं. बेंगळुरूत नागपूरचं कोणी ना कोणी असतंच.

पैसे वाचवायचे असतील तर एक टप्पा रेल्वेने करा. चेन्नईला जी.टी. आणि तमिळनाडू एक्सप्रेस, एर्नाकुलमला केरळ एक्सप्रेस, तिन्ही नागपूरवरून जातात. फक्त गाडी आणि विमान एकाच दिवशी जोडू नका.

१०. दोन्हीकडे घड्याळ एकच आहे का? मोबाइलवर वेळ बदलावी लागते का?

घड्याळ एकच. आपली भारतीय प्रमाणवेळ दोन्हीकडे चालते, मोबाइलला हात लावायची गरज नाही. त्यामुळे तिकिटावरची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ सरळ वजा करा, प्रवासाचा वेळ मिळतो.

सूर्य मात्र घड्याळ मानत नाही. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे. पोर्ट ब्लेअर त्याच्या पूर्वेला दहा अंशांवर आणि अगत्ती पश्चिमेला दहा अंशांवर, अगदी तराजूच्या दोन पारड्यांसारखी. एका अंशाला चार मिनिटं धरली तर दोघांच्या सूर्यात ८२ मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोर्ट ब्लेअरला साडेपाचलाच उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच दिवसांत अगत्तीला सूर्योदय सातच्या जरा आधी आणि सूर्यास्त जवळपास साडेसहाला. आपल्याकडे नागपुरात तेव्हा पावणेसहाच्या आधी मावळलेला असतो.

याचा उपयोग काय? अंदमानात दिवस सकाळी सहाला सुरू करा. सेल्युलर जेल, बेटांच्या बोटी, सगळं दुपारपर्यंत उरकून घ्या. आमच्या ओळखीच्या एक मावशी पहिल्या दिवशी जेवून, वामकुक्षी करून चारला बाहेर पडल्या. कोर्बिन्स कोव्हच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचल्या तेव्हा काळोख पडत होता. अगत्तीला उलट, संध्याकाळ निवांत लांबते.

११. जाताना आणि येताना विमानाला वेगवेगळा वेळ का लागतो?

वरच्या वाऱ्यामुळे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. या दिवसांत पोर्ट ब्लेअरहून चेन्नईकडे येणाऱ्या विमानाला पाठीवर वारा मिळतो आणि जाणाऱ्याला तोंडावर. फरक काही मिनिटांचा असतो. कंपन्या वेळापत्रकात जादा मिनिटं आधीच धरतात, त्यामुळे "आज वीस मिनिटं आधीच पोचलो" असं झालं तर नवल वाटून घेऊ नका.

१२. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत की वेगवेगळे?

शक्य असेल तिथे एकाच पीएनआरवर. एकाच पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं.

मानेवाड्याच्या एका कुटुंबाने दोन तिकिटं स्वतःच वेगळी काढली होती, मध्ये फक्त एक तास पन्नास मिनिटं. चेन्नईचं विमान तासभर उशिरा निघालं. कोचीला पट्ट्यावरून बॅगा येईपर्यंत पुढच्या विमानाचा काउंटर बंद झालेला, देशांतर्गत विमानांचा तो साधारण तासभर आधी बंद होतो. पाच जणांची अगत्तीची तिकिटं गेली आणि पुढचं विमान भरलेलं होतं. त्या रात्री त्यांचा फोन आला तेव्हा मागे लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये रात्र ठेवा, प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे तशी.

१३. विमानाचं तिकीट काढलं की जाता येतं ना? परवाना कशाला?

अंदमानला भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे नील इथे जायला परवाना लागत नाही. ओळखपत्र पुरतं. आदिवासींच्या राखीव भागात जायला मनाई आहे, ती मनापासून पाळा.

लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, आणि तो कोणत्या बेटासाठी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. आधी परवाना, मग तिकीट, हा क्रम सोडू नका. स्वस्त मिळालं म्हणून तिकीट आधी काढलं आणि परवाना वेळेत आला नाही तर सगळ्या सहलीचं गणित कोसळतं.

१४. जहाजाने एका बेटावरून दुसऱ्यावर जाता येईल का?

थेट प्रवासी जहाज नाही. पोर्ट ब्लेअरची जहाजं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जातात, साधारण अडीच ते तीन दिवस. लक्षद्वीपची कोचीहून, बेटानुसार चौदा ते अठरा तास. हौस म्हणून कोची–लक्षद्वीप एकदा जरूर करा. दोन्ही समुद्र जहाजाने करायचे तर मधल्या रेल्वेसकट आठवडा जवळपास प्रवासातच जातो.

१५. वाईट हवेमुळे विमान बेटावर न उतरता परत फिरतं, हे खरं आहे?

हो, घडतं. पोर्ट ब्लेअरपासून मुख्य भूमीवरचे मोठे भारतीय विमानतळ १,३०० किलोमीटरच्या पलीकडे आहेत. म्हणून वैमानिक परतीचं इंधन हिशेबात धरूनच निघतो. उतरता आलं नाही तर तो चेन्नईला किंवा कोलकात्याला परत नेतो, आणि चार-साडेचार तास हवेत काढून तुम्ही निघालात तिथेच येता. चीड येते, पण तो निर्णय तुमच्या जिवासाठी घेतलेला असतो. अगत्तीची गोष्ट थोडी सोपी आहे, कारण कोझिकोड तिथून चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर आणि कोची ४६५ वर.

पावसाळ्यात दोन्ही बेटं एकत्र करू नका, हे माझं स्पष्ट मत. एका ठिकाणचा उशीर दुसऱ्या ठिकाणच्या परवान्याच्या तारखा खातो.

१६. एटीआर म्हणजे ते पंख्याचं विमान. भीती वाटते, आईला बसवू का?

खुशाल बसवा. आवाज जास्त असतो, कापसाचे बोळे जवळ ठेवा. ते जेटपेक्षा खालून जातं, ढगांत थोडं हलतं. चढायचं मागच्या दारातून, पायऱ्या थोड्याच. आणि त्याचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं. आईंना खिडकीच द्या. शेवटच्या पाच मिनिटांत गडद निळा समुद्र अचानक फिका होतो, मग हिरवट, मग पांढऱ्या वाळूची एक चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडांची रांग. धावपट्टी दिसायच्या आधीच दोन्ही बाजूंना पाणी दिसतं आणि चाकं टेकतात. दार उघडलं की खारट, ओली हवा अंगावर येते.

१७. अगत्तीला उतरल्यावर बंगारम, कवरत्ती तिथूनच का?

हो, पुढे बोट. बंगारम जवळ आहे, बोटीने जाता येतं. कवरत्ती आणि दूरच्या बेटांसाठी बोट किंवा हेलिकॉप्टर, पण हेलिकॉप्टरमध्ये जागा थोड्या आणि स्थानिक लोकांची, रुग्णांची गरज आधी. तुमच्या परवान्यावर ज्या बेटाचं नाव आहे तिथेच जाता येतं (प्रश्न १३). बोटीत मोठ्या बॅगा अडचणीच्या होतात, आणि छोट्या विमानात सामानाची मर्यादाही मोठ्या विमानापेक्षा कमी असू शकते. अंदमानात घेतलेल्या शंख-शिंपल्यांच्या वस्तू, नातेवाइकांसाठी नेलेली संत्रा बर्फी, जादा कपडे, सगळं मिळून मधल्या शहरात ठेवून द्या आणि अगत्तीला एकच हलकी पिशवी न्या.